मेंदूज्वरातून घरी आलेल्यांची आठवण कोण तपासणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पावसाळा लागला की आपल्या दैनिकाच्या शहर पानावर तापाचे आकडे सुरू होतात. डेंग्यूचे इतके, स्क्रब टायफसचे इतके, मेंदूज्वराचे संशयित इतके, त्यातले दगावले इतके. ते छापायलाच पाहिजेत. पण जे दगावले नाहीत ते बरे झाले असे धरून बातमी थांबते, आणि दवाखान्याचा कागदही तिथेच थांबतो. मला त्याच्या पुढचे लिहायचे आहे. पत्र लांबले तर कापा, पण शेवटच्या मागण्या तेवढ्या ठेवा.

मी मेडिकल चौकाच्या आसपास खानावळ चालवते. जेवायला येणारी बहुतेक मुले डॉक्टरकीची, नर्सिंगची, फिजिओ आणि ऑक्युपेशनल थेरपीची (आजारानंतर रोजची कामे पुन्हा जमवून देण्याची विद्या). त्यामुळे या पत्रात दवाखान्याच्या भाषेतले चार शब्द आले तर ते माझे नाहीत, वरण वाढता वाढता कानावर पडलेले आणि मग खोदून खोदून विचारलेले आहेत. माझे यजमान इतवारीत एका ठोक किराणा दुकानात हिशेब लिहायचे. कॅल्क्युलेटर समोर असायचा, पण यांचा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरायचा आणि पानभर आकड्यांची बेरीज तळाशी उतरायची. रात्री माझ्या खानावळीचे खातेही तेच बघायचे.

गेल्या वर्षी पोळ्याच्या आठवड्यात यांना ताप आला. डोके फार दुखत होते. व्हायरल म्हणून गोळ्या दिल्या गेल्या. तान्ह्या पोळ्याला बाहेर मारबतीची मिरवणूक बघायला गर्दी निघाली होती आणि घरात हे आपल्या कधीच वारलेल्या काकांना ताट वाढायला सांगत होते. संध्याकाळी झटका आला. दवाखान्यात पाठीतून पाणी काढले, एमआरआय झाला. हर्पिस सिम्प्लेक्सचा मेंदूज्वर निघाला. तापात ओठाच्या कोपऱ्यावर फोड येतात ना, तोच विषाणू. लाखो लोकांच्या अंगात तो गुपचूप पडून असतो, कुणा एखाद्याच्या मेंदूपर्यंत जातो. औषध मिळाले नाही तर दहातले सात रोगी जातात. रात्रपाळीच्या डॉक्टरांनी पाण्याच्या रिपोर्टची वाट न बघता असायक्लोव्हिर शिरेतून सुरू केले, म्हणून आज मी यांच्याबद्दल 'आहेत' असे लिहू शकते. तेव्हा हे पत्र डॉक्टरांविरुद्ध आहे असे कुणी समजू नये. एका निवासी डॉक्टरच्या मागे किती खाटा असतात ते मी वॉर्डात बसून पाहिले आहे, आणि तो डॉक्टर दुपारी साडेतीनला माझ्याकडे गार पोळी खायला येतो तेही पाहते.

पण सुट्टी कशी झाली ते सांगते. सकाळच्या राउंडला मोठे डॉक्टर आले. तुमचे नाव काय, गाव कोणते, आज वार कोणता, पंतप्रधान कोण? यांनी सगळे बरोबर सांगितले. वार तर समोरच्या कॅलेंडरवर बघून सांगितला, ते माझ्या लक्षात आले. कागदावर इंग्रजीत लिहिले गेले: शुद्धीवर, प्रकृती स्थिर. झटक्याच्या गोळ्या लिहून दिल्या, एका महिन्याने दाखवायला सांगितले. सकाळी नाश्त्याला काय खाल्ले, हे कुणी विचारले नाही. विचारले असते तर तिथेच कळले असते, कारण यांनी मला जिन्यातच विचारले, "आपण इथं काहून आलो जी?"

पुढे कळले ते असे. हा विषाणू कानामागच्या बाजूच्या, म्हणजे आठवण साठवणाऱ्या भागावर जास्त बसतो. जुने आत पक्के असते, नवे आत जात नाही. तूरडाळ कोणत्या साली काय भावाने आली, कोणत्या व्यापाऱ्याचा चेक परत आला, हे यांना तोंडपाठ. सकाळची गोळी घेतली की नाही, ते माहीत नाही. आणि 'माहीत नाही' असे तरी म्हणावे, तर तसेही नाही. मधली जागा हे स्वतःच भरून काढतात आणि इतक्या ठामपणे सांगतात की ऐकणारा फसतो. "सेठले फोन केला, सोमवारी बोलावलं त्यानं." फोन झालेलाच नसायचा. लोकांना वाटले, खोटे बोलायला लागला. शेजारची एक बाई मला म्हणाली, आजारपणाचे नाटक करून राहिले, दोन महिने आयते बसायला मिळाले ना. चेहरा तोच, चाल तीच, बोलणे पूर्वीपेक्षा जरा जास्तच. हाताला प्लास्टर असते तर निदान कुणी खुर्ची तरी दिली असती.

बेरीज करायला बसले की पहिली ओळ बरोबर, दुसऱ्या ओळीला हातचा गेला. पुन्हा वरून सुरू. पुन्हा तिथेच. एका दुपारी तीच बेरीज करता करता वही फेकली आणि माझ्या मोठ्या पातेल्याला पोचा पडला. हा माणूस लग्नापासून माझ्यावर ओरडलेला मला आठवत नाही. चिडचिड मेंदूच्या इजेची असू शकते, झटक्याच्या एका गोळीचीही असू शकते, दोन्ही गोष्टी घरच्यांना आधी सांगायला हव्या होत्या. गोळी मनाने बंद करायची नसते, डॉक्टरांना सांगायचे असते, हे मी मुद्दाम लिहिते, कारण आमच्या ओळखीच्या एका घरी ती बंद करून बसले होते.

सगळ्यात चमत्कारिक प्रकार भाजीचा. मी यांना सकाळी भाजी निवडायला माझ्याजवळ बसवत असे, हाताला काम म्हणून. झारा दे म्हटले की झारा देत. किसणी, चिमटा, सराटा, सगळी नावे बरोबर. ढेमसे हातात घेतले आणि बघतच राहिले. "हे गोल हिरवं." दोडके, चवळीच्या शेंगा, सांबार म्हणजे कोथिंबीर, कशाचेच नाव येईना. कापायचे कसे ते हाताला माहीत, नाव गेलेले. मला वाटले आता हे वेड लागायचे लक्षण. त्याच दिवशी जेवायला बसलेली ऑक्युपेशनल थेरपीची एक मुलगी ते पाहत होती. तिने पुस्तकात वाचलेले होते. हर्पिसच्या मेंदूज्वरानंतर काही रोग्यांची प्राण्यांची, फळाभाज्यांची, म्हणजे सजीव वस्तूंची नावे जातात आणि हत्यारे-भांड्यांची राहतात. ती म्हणाली, काकू, हे वेड नाही, याची तपासणी असते.

म्हणजे यांच्या डोक्यात काय बिघडले आहे ते पहिल्यांदा सांगितले कुणी, तर जेवायला आलेल्या विद्यार्थिनीने. आमच्याकडे खानावळ आहे म्हणून. गोंदियाच्या, गडचिरोलीच्या, पलीकडे बालाघाट-छिंदवाड्याच्या माणसाकडे काय आहे?

तपासणी दोन प्रकारची असते. पहिली छोटी, दहा-पंधरा मिनिटांची: पाच शब्द सांगायचे आणि थोड्या वेळाने परत विचारायचे, घड्याळ काढायला लावायचे, शंभरातून सात-सात वजा करायला लावायचे, चित्रे ओळखायची. ही शिकवलेली नर्स किंवा इंटर्नही करू शकते. तिच्यात काही कमी निघाले तर दुसरी मोठी, नोंदणीकृत क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची, काही तासांची. आम्ही मोठी करवली ती खासगीत. तिथल्या मॅडम चांगल्या होत्या, पण काही भाग हिंदीत, काही सूचना इंग्रजीतून मराठीत तिथल्या तिथे फिरवलेल्या. आयसीएमआरने, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने, भारतीय भाषांसाठी अशा चाचण्यांचा एक संच केला आहे असे कळले. पहिल्यांदा तो हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या पाच भाषांत झाला. मराठी त्यात नव्हती. ज्या राज्यात विषाणूंची राष्ट्रीय संस्था पुण्याला आहे, तिथली ही गत. आणि आमच्या नागपूरबद्दल तर बोलायलाच नको. चांदीपुरा विषाणूला नाव मिळाले ते नागपूरच्या चांदीपुऱ्यावरून, १९६५ साली तो इथल्या रोग्यांच्या रक्तात सापडला म्हणून. २००३ साली आंध्रात आणि आपल्या विदर्भात त्याने मुले नेली, २०२४ साली गुजरातेत. जगाच्या पुस्तकात मेंदूच्या रोगासोबत आपल्या शहराचे नाव आहे, तर त्या रोगांनंतरच्या तपासणीतही ते असायला काय हरकत आहे?

उपचाराचे सांगते, कारण लोकांना वाटते की गेलेली आठवण गोळीने येते किंवा येतच नाही. दोन्ही तितके खरे नाही. त्या ऑक्युपेशनल थेरपीच्या मुलीने आम्हाला आपल्या मॅडमकडे नेले. मॅडमनी पहिली गोष्ट मला बंद करायला लावली: "आठवून बघा, आठवून बघा" म्हणून यांना ताणणे. आपण शाळेत चुकून चुकून शिकलो, कारण चूक झाल्याचे आपल्याला आठवत होते. ज्याला चूक केल्याचेच आठवत नाही तो तिच्यातून शिकणार कसा? उलट अंदाजाने तोंडातून निघालेले चुकीचे उत्तरच पक्के होऊन बसते. म्हणून उत्तर आधी द्यायचे, चुकू द्यायचेच नाही, आणि मग विचारण्याचे अंतर वाढवत न्यायचे.

आम्ही कपाटाच्या किल्लीपासून सुरुवात केली. पहिली पोळी तव्यावर टाकताना मी सांगायची, "किल्ली देव्हाऱ्याखालच्या खणात. कुठे?" हे म्हणायचे, "देव्हाऱ्याखालच्या खणात." एक पोळी झाली की पुन्हा विचारायचे. मग दोन पोळ्यांनंतर, मग चार, मग आठ. अडकले की लगेच सांगायचे, वाट बघायची नाही, आणि मागच्या जमलेल्या अंतरावर परत यायचे. पोळ्यांचा घाणा मोठा असल्यामुळे मला घड्याळाची गरज पडली नाही. जेवणारी मुलेही मग आतून ओरडून विचारू लागली, "काका, किल्ली कुठाय?" किल्ली जमली. नंतर दुपारची गोळी जमली. सगळे असे येत नाही. भाज्यांची निम्मी नावे अजून नाहीत, त्याला भिंतीवर चित्रे लावली आहेत. जे येणार नाही त्याला पर्याय द्यायचा, हाही उपचारच: एकच वही, एकच जागा, फोनवर गजर, केलेल्या कामापुढे लगेच खूण. बेरीज आता कॅल्क्युलेटरवर करतात, प्रत्येक आकडा मोठ्याने वाचून, आणि जेवायला आलेले एखादे पोर पडताळून घेते. झटका येऊन गेल्यामुळे स्कूटर बंद आहे, बसने जातात.

ही सगळी माणसे नागपुरात आहेत. मेडिकलमध्ये, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, ऑक्युपेशनल थेरपी शिकवली जाते, विद्यापीठात मानसशास्त्राचा विभाग आहे, एम्स मिहानला आले आहे, अपंगांच्या पुनर्वसनासाठी केंद्र सरकारचे संयुक्त क्षेत्रीय केंद्र शहरातच आहे. पण या खिडकीवरून त्या खिडकीवर पाठवणारा कागद नाही.

लहान मुलांसाठी निदान काहीतरी आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३ पासून अठरा वर्षांपर्यंतची मुले तपासायची आहेत आणि पुढे पाठवायला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रे आहेत. तिथेही मेंदूज्वर झालेले मूल आपणहून पोचत नाही, कुणीतरी पाठवावे लागते. आमच्या शेजारच्या खाटेवर भंडारा जिल्ह्यातला धानपट्ट्यातला एक पोरगा होता, पूवाल्या मेंदूज्वराचा, म्हणजे मेंदूच्या आवरणाला सूज येते त्या मेनिंजायटिसचा. ताप गेल्यावर त्याची आई म्हणत होती, "हाक मारली तरी पाहत नाही जी, रुसून राहिला." त्याच्या कानांची तपासणी होताना मी पाहिली नाही, तो माझ्या आधी घरी गेला. नंतर खानावळीतल्या मुलांनी सांगितले की या रोगात आतला कान जाऊ शकतो, आणि मग कानातल्या शंखात हाड धरायला लागते. एकदा ते धरले की कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे आतल्या कानात घालायचे ऐकण्याचे यंत्र, बसवणेही अवघड होते, म्हणून चार आठवड्यांच्या आत कान तपासायचे असतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ मध्ये मेनिंजायटिसवर मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यातही सुट्टीच्या आधी आणि नंतर असे मागे राहिलेले दोष शोधायला सांगितले आहे. तो पोरगा रुसला होता की बहिरा झाला होता, हे त्याच्या आईला सांगायला एक ऑडिओमेट्री पुरली असती.

धानपट्ट्यातलाच दुसरा रोग जपानी मेंदूज्वर. बांध्यांतल्या पाण्यात वाढणारा क्युलेक्स डास तो आणतो. लस आहे, बाधित जिल्ह्यांत नऊ महिन्यांनंतर आणि पुन्हा दीड वर्षाच्या सुमारास देतात, ती चुकवू नये. पण मेंदूपर्यंत रोग गेलाच, तर त्यातल्या ३० ते ५० टक्के रोग्यांत मेंदूचे, बुद्धीचे किंवा वागणुकीचे कायमचे दोष राहतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. केंद्राने २०१२ मध्ये या रोगासाठी अनेक खात्यांचा मिळून कार्यक्रम आखला, तेव्हा त्यात पुनर्वसनाचे विभागही धरले होते. म्हणजे सरकारला हे सुचले नव्हते असे नाही. पण तो पाच राज्यांतल्या साठ जिल्ह्यांसाठी होता: आसाम, बिहार, तामिळनाडू, उत्तर प्रदेश, पश्चिम बंगाल. आपल्याकडे रोगी कमी, आपण त्या यादीत नव्हतो. ज्याच्या घरात एक आहे, त्याला कमी-जास्त काय?

मोठ्या माणसांना तर काहीच नाही. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात २१ प्रकार आहेत. मोठेपणी मेंदूला इजा होऊन आठवण गेली, असा वेगळा प्रकार त्यात नाही. बौद्धिक अक्षमता म्हणावी तर यांची बुद्धी तपासणीत चांगली निघते. मानसिक आजार म्हणावा तर तोही नाही. प्रमाणपत्राच्या टेबलावर आमचा कागद या रांगेतून त्या रांगेत फिरला, आणि चाळीस टक्के भरल्याशिवाय पुढचे काही मिळत नाही. सरकारी नोकरीत दिव्यांगत्व आले तर त्याच कायद्याने काढता येत नाही, दुसरे काम द्यावे लागते. इतवारीतल्या हिशेबनिसाला तो कायदा लागू नाही. आमचे सेठ भले निघाले, हा आमच्या नशिबाचा भाग. आधी माल मोजायला ठेवले, मग पावत्या लावायला.

म्हणून मागण्या. मेडिकल, मेयो (इथले दुसरे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय) आणि एम्सने मिळून ठरवावे की मेंदूज्वर, मेनिंजायटिस, मेंदूचा टीबी, मेंदूचा मलेरिया यातला कुठलाही रोगी छोटी आठवण-तपासणी आणि कान-तपासणी केल्याशिवाय घरी जाणार नाही, आणि तिचे गुण सुट्टीच्या कागदावर मराठीत लिहिले जातील. सुट्टीच्या वेळी माणूस थकलेला, औषधाच्या गुंगीत असतो, त्यामुळे तीच तपासणी दीड-दोन महिन्यांनी आणि वर्षाने परत व्हावी, तारीख कागदावरच घालून द्यावी. लहान मुलांची शाळेत जाताना पुन्हा व्हावी, कारण काही दोष अक्षरे-आकडे आल्याशिवाय दिसतच नाहीत. मेंदूच्या टीबीचे औषध नऊ महिने ते वर्षभर चालते आणि त्या रोग्यांशी टीबीचे कार्यकर्ते संपर्कात असतातच. त्यांच्या कागदात दोन प्रश्न वाढवायला काही लागत नाही: रोगी घरचा हिशेब पूर्वीसारखा करतो का, एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारतो का? हे रोग्याला विचारू नये, घरच्या बाईला विचारावे.

आणि आठवड्यातून एक दिवस, एका छताखाली, न्यूरोचे डॉक्टर, सायकॉलॉजिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट आणि स्पीच थेरपिस्ट असे बसावेत. बाहेरगावचा माणूस चार खिडक्यांसाठी चार वेळा मजुरी बुडवून येऊ शकत नाही, तो दुसऱ्या खेपेनंतर येतच नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचा भर दाखल रोग्यावर आहे. या नंतरच्या उपचाराच्या खेपा तिच्यात धरता येतील का, हे आपल्या आरोग्य वार्ताहराने मंत्र्यांना एकदा विचारावे. जमले तर मेंदूज्वराच्या बातमीत तिसरा आकडाही मागावा: घरी गेलेल्यांपैकी किती जण कामावर परतले.

माझे नाव-पत्ता वेगळ्या कागदावर दिला आहे, तो कृपया छापू नये. यांचे सेठ आपले दैनिक रोज वाचतात, आणि पुढच्या महिन्यापासून यांना पुन्हा वहीवर बसवून बघतो असे त्यांनी म्हटले आहे.

आपली,
एक खानावळवाली,
मेडिकल चौक परिसर, नागपूर